माळ्याचा पलंग : प्रस्तावना

कुपवाड, मिरज, पलूस, तासवडे, लोणंद, शिरवळ. सातारा-सांगलीतल्या यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या आसपास भंगाराची दुकानं आहेत आणि दुकानांपुढं पॅलेटच्या थप्प्या आहेत. यंत्रांचे सुटे भाग, कास्टिंग, सुताची बाचकी, औषधांची खोकी असा कुठलाही जड माल या लाकडी चौकटीवर बसून येतो. फोर्कलिफ्टचे दोन दांडे तिच्या पोटात शिरावेत आणि माल अलगद उचलला जावा, एवढ्यासाठीच ती बनलेली असते. धड राहिली तर कारखाना ती पुन्हा वापरतो. एखादी फळी तुटली की ती आवारात अडचण होते. मग भंगारवाला ती नगावर नाहीतर वजनावर उचलतो, आणि त्यातलं बरंचसं लाकूड शेवटी भट्टीत, चुलीत किंवा आंघोळीच्या बंबात जातं.

त्याच थप्पीतलं लाकूड निवडून मुलासाठी उंच पलंग कसा करावा, ते या पुस्तकात सांगितलं आहे. वर झोपायची जागा, खाली अभ्यासाचं टेबल किंवा पुस्तकांची फळी, चढायला शिडी, आणि पडू नये म्हणून चारी बाजूंनी कठडा. काम अवघड नाही. करवत, गिरमिट, गुण्या आणि पाना हाताळता येणारा कुणीही ते करू शकतो. पण असा पलंग निम्मा भंगाराच्या दुकानातच बनतो, हे माझं ठाम मत आहे. कुठलं पॅलेट घ्यायचं नाही, हे ज्याला कळलं त्याचंच सुतारकाम पुढं मुलाच्या उपयोगी पडतं. म्हणून या पुस्तकात लाकूड जोडण्याइतकीच पानं लाकूड नाकारण्यावर खर्ची पडली आहेत, आणि या प्रस्तावनेतही भर त्यावरच आहे.

आधी गरज कुणाची ते सांगतो. वसाहतींच्या आसपास भाड्यानं राहणारी, गावभागात जुन्या घरात वाटणीला आलेल्या दोन खोल्यांत राहणारी, नव्या सोसायटीत एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणारी अशी कितीतरी कुटुंबं या दोन जिल्ह्यांत आहेत, जिथं मुलाला स्वतःचा म्हणावा असा कोपरा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत रात्री अंथरुणं पडतात, सकाळी ती गुंडाळली जातात, आणि मुलाचं दप्तर दिवाणाखाली सरकतं. दहावीच्या वर्षी ही अडचण सगळ्या घराला जाणवते, पण मुलाला ती आठव्या-नवव्या वर्षापासूनच जाणवत असते. त्याच खोलीत डोक्यावरची साडेतीन-चार फुटांची उंची मात्र रिकामीच असते. स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर असतो, आणि आपण सहा फुटांच्या वर क्वचितच काही ठेवतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांनी ही उंची कधी वाया घालवली नाही. पोटमाळ्यावर धान्य असे, भांडी असत, पावसाळ्यासाठी साठवलेलं जळण असे. शेतातही ज्वारी हुरड्यात आली की राखणीसाठी माळा उभा राही. चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर कडबा, आणि गोफण घेऊन वर बसलेलं घरातलं पोर. तो माळा बांधणारे मेढी कधी सरळ उभ्या पुरत नसत. त्या खाली किंचित फाकवलेल्या असत आणि त्यांना तिरके टेके दिलेले असत, कारण वर माणूस हलला की माळा उभा दबत नाही, तो आडवा डुलतो. मुलाच्या पलंगाचंही नेमकं हेच आहे. वजनानं मोडलेला उंच पलंग मी पाहिलेला नाही. डुलून डुलून सांधे सैल झालेले मात्र बरेच पाहिलेत.

आता लाकडाकडे येतो. चांगल्या पॅलेटच्या कडेच्या ठोकळ्यावर एक शिक्का असतो, कधी डागलेला, कधी रंगानं उठवलेला. चौकटीच्या डाव्या बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चित्र आणि त्याला लागून ‘आयपीपीसी’ ही रोमन अक्षरं. उजव्या बाजूला देशाची दोन अक्षरं, बनवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आणि प्रक्रियेची खूण. ही खूण वाचल्याशिवाय पॅलेटला हात लावू नये. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलं आहे : फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकवलेलं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे. ‘एमबी’चं पॅलेट मुलाच्या पलंगाला घ्यायचं नाही. धुरी उडून जाते, आता काय राहिलंय, असं दुकानदार म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नये. शेजारच्या थप्पीत ‘एचटी’ मिळत असताना ज्या खोलीत मूल रोज रात्री आठ-नऊ तास श्वास घेणार तिथं अशी शंका आणायची गरजच नाही. युरोपीय संघानं २०१० मध्ये या वायूचा वापर पूर्ण थांबवला. ओझोनच्या थराला तो घातक असल्यानं जगभर त्यावर निर्बंध आहेत, पण मालाच्या संगरोधासाठी काही देशांत तो अजून चालतो.

हा शिक्का आला तो किडीमुळं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मेपलच्या झाडांत लांब शिंगांचा एक आशियाई भुंगा सापडला. चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी वेष्टनातून तो तिथं पोचला होता, आणि त्यापायी हजारो झाडं तोडावी लागली. अशा घटनांनंतर २००२ मध्ये लाकडी वेष्टनांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि पॅलेटवर हे शिक्के दिसू लागले. आपल्या भागाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर तालुक्यांतली द्राक्षं जानेवारी ते एप्रिल या काळात युरोपला जातात तेव्हा पेट्यांच्या थप्प्या अशाच शिक्क्याच्या पॅलेटवर पट्ट्यांनी आवळून, थंड करून, कंटेनरमध्ये चढतात. ती पॅलेट द्राक्षांबरोबर समुद्रापार जातात, आपल्या हाती लागत नाहीत. आपल्या भंगारात येतात ती आयात मालाची : विट्याच्या आणि शेजारच्या इचलकरंजीच्या मागांचे भाग, कारखान्यांची यंत्रं, बेअरिंगांची खोकी. त्यामुळं कुपवाडच्या एका थप्पीत जर्मनी, चीन, इटली, कोरिया यांची अक्षरं शेजारी शेजारी दिसू शकतात. मुलाला बरोबर न्यावं आणि शिक्के वाचायला लावावेत. भूगोलाच्या वहीत न मावणारं बरंच काही त्याला तिथं कळतं.

शिक्का नसलेली देशी पॅलेटही पुष्कळ असतात. नीलगिरी, आंबा, सिल्व्हर ओक, रबराचं लाकूड, जे मिळेल त्याची. ती वाईटच असतात असं नाही, पण त्यांना कुठलीच प्रक्रिया झालेली नसते, आणि रबराच्या किंवा आंब्याच्या लाकडाला घुण फार लवकर लागतो. फळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा बारीक भुसा दिसला की ती फळी तिथंच ठेवावी. फटींत ढेकणांचे काळे डाग दिसले तरी तेच.

‘एचटी’चा शिक्का पाहून मात्र निर्धास्त होऊ नये. हा शिक्का लाकूड नवं असताना कसं होतं एवढंच सांगतो. त्यानंतर त्या पॅलेटवर काय सांडलं, ते लाकडालाच विचारावं लागतं. फाउंड्री आणि मशीनशॉपमधून आलेल्या पॅलेटमध्ये कटिंग ऑइल मुरलेलं असतं आणि धातूचे बारीक कण रुतलेले असतात. शेतीच्या औषधांची पॅलेटही याच थप्पीत येऊन बसतात, आणि द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं किती वापरली जातात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. परीक्षा सोपी आहे. फळी नाकाशी धरावी. पाइनला स्वतःचा राळेसारखा वास असतो, तो चालेल. डिझेल, थिनर, औषध, आंबूस असा कसलाही दुसरा वास आला तर नको. पाण्याचे दोन थेंब टाकावेत. स्वच्छ लाकूड ते हळूहळू पितं, तेलकट लाकडावर ते थेंब तसेच बसून राहतात. डाग कशाचा हे सांगता येत नसेल तर ती फळी नाकारायची. एक डाग मात्र आपल्या भागात निर्धोक आहे. सांगलीच्या हळदीच्या गोदामातून आलेल्या फळ्या पिवळ्या पडलेल्या असतात. त्या खुशाल घ्याव्यात, वरचा पापुद्रा रंध्यानं निघाला की खालचं लाकूड छान निघतं. निळ्या किंवा लाल रंगात पूर्ण रंगवलेली पॅलेट बहुधा भाड्यानं फिरणारी, कुणा कंपनीच्या मालकीची असतात. ती भंगारात दिसली तरी विकत घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट खास सांगलीकरांसाठी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत गोदामं आणि कारखान्यांची आवारं पाण्याखाली गेली. पुराच्या पाण्यात गटारं असतात, तेल असतं, मेलेली जनावरं असतात. त्या पाण्यात बुडालेलं लाकूड वाळल्यावर फिकट आणि स्वच्छ दिसतं, पण ते मुलाच्या पलंगाला नको. मातीची आडवी रेघ फळ्यांच्या फटींत बरेच दिवस राहते, ती शोधावी. पुरानं दुसरं एक शिकवलं. ऑगस्ट २०१९ नंतर सांगलीच्या रस्त्यांवर जे फर्निचर फेकलेलं दिसत होतं, त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबीव पाट्यांची कपाटं आणि दिवाण ढिगानं होते. भुसा आणि गोंद यांची पाटी पाणी पिऊन फुगते, कडा उकलतात, स्क्रू धरेनासा होतो. भरीव लाकूड वाकतं, तडकतं, पण वाळतं आणि पुन्हा उभं राहतं. हप्त्यानं आणलेल्या चकचकीत दिवाणापेक्षा पॅलेटच्या जाड फळीवर माझा विश्वास आहे, त्याचं हे एक कारण.

पॅलेटपासून काय मिळतं आणि काय मिळत नाही, याचा हिशेब आधीच मांडलेला बरा. आपल्याकडचं सर्वसाधारण पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं, युरोपीय १२०० बाय ८००. म्हणजे सगळ्यात लांब फळी चार फुटांची. मुलाचा पलंग सहा फूट लांब, तीन फूट रुंद. पलंगाच्या दोन लांब बाजू आणि चार पाय पॅलेटमधून निघू शकत नाहीत. तुकडे जोडून सहा फुटांची बाजू करता येते खरी, पण मूल ज्या बाजूवर रोज टेकून चढणार तिच्या मधोमध सांधा देणं मला मान्य नाही. पॅलेटचाच पलंग म्हणून हट्टानं तिथंही पॅलेट वापरणारे पुष्कळ आहेत. या पुस्तकातल्या आराखड्यात तसं नाही. पाय आणि लांब बाजू वखारीतून आणलेल्या लाकडाच्या आहेत, पाय तीन बाय तीन इंचांचे.

वाई, सातारा, मिरज इथल्या जुन्या वाड्यांचं आणि घरांचं उतरवलेलं सागवान विकत मिळतं. बजेटात बसलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकत नाही. फक्त त्याच्यावर जुना ऑइलपेंट असेल तर तो घरात, मुलासमोर घासू नये. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या थरांत किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि त्याची धूळ लहान मुलाच्या मेंदूला मोठ्या माणसापेक्षा जास्त घातक असते.

पॅलेटच्या फळीची खरी जागा आडव्या पट्ट्यांत आहे. मीटरभर लांबीच्या फळीची दोन्ही टोकं खिळ्यांनी फाटलेली असतात. दोन्हीकडून दीड-दीड इंच कापलं की बरोबर तीन फुटांची निरोगी पट्टी उरते, जणू पलंगाच्या रुंदीसाठीच मापून दिल्यासारखी. चांगल्या पॅलेटची फळी सात सुतांपर्यंत जाड असते. खालून मधोमध एक आधार दिला तर तिच्यावर बापही मुलाला गोष्ट सांगायला चढू शकतो. कठड्याच्या पट्ट्या, पुस्तकांची फळी, टेबलाचा वरचा भाग, शिडीच्या बाजूची पट्टी, हे सगळं पॅलेटमधून निघतं. खर्चाची बचत तिथंच होते.

पॅलेट उकलणं हे कष्टाचं काम. त्याचे खिळे पीळदार असतात, मुद्दाम न निघण्यासाठी केलेले. पहारीनं उचकटलं तर दहातल्या चार फळ्या चिरतात. फळी आणि खालच्या रुळाच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापावा, हे जास्त बरं. वेळ लागतो, फळी वाचते. खिळ्याची डोकी फळीत राहतात, ती मागून ठोकून बाहेर काढायची. आणि मग, रंधा लावण्याआधी, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरून दोन्ही बाजूंनी फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा तुटका खिळा तिथं दोरी किंचित ओढून सांगतो. पॅलेटचं लाकूड म्हटलं की वखारीतला रंधामशीनवाला नाही म्हणतो, ते याच खिळ्यांपायी. एका खिळ्यानं त्याचं पातं जातं. चुंबक फिरवलेल्या फळ्या त्याच्यासमोर पुन्हा एकदा तपासून दाखवल्या, तर तो तयार होतो.

पलंग किती उंच करावा, या प्रश्नावर परदेशी आराखडे आपल्या कामाचे नाहीत, आणि त्याला कारण छताचा पंखा. हिशेब करून पाहा. दहा बाय दहाची खोली, मधोमध पंखा, भिंतीपासून पाच फुटांवर. नेहमीचा ४८ इंची पंखा फिरताना केंद्रापासून दोन फूट जागा घेतो. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरतं. भिंतीला लावलेल्या पलंगाची रुंदीही तीन फूट. पात्याचं टोक बरोबर पलंगाच्या कडेवर येतं. गादी पाच फुटांवर असेल आणि आठ-नऊ वर्षांचं मूल तिच्यावर उभं राहून हात वर करेल, तर हात कुठं जाईल ते सांगायला नको. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण पंख्याचं आहे. छताचा पंखा काढून भिंतीचा पंखा बसवा, किंवा पंखा सरकवा. दोन्ही जमत नसेल तर त्या खोलीत उंच पलंग करू नका. जाळी बसवू, मुलाला बजावू, असले उपाय मी धरत नाही.

गादी साधारण चार फुटांवर असावी, असं माझं मत आहे. खाली मोठा माणूस ताठ उभा राहणार नाही, पण मूल खुर्चीवर बसून अभ्यास करेल. रात्री ताप आला तर आईचा हात सहज वर पोचेल, चादर बदलताना कसरत करावी लागणार नाही. आणि पत्र्याच्या घरांत याहून वर झोपणं एप्रिल-मेमध्ये अशक्यच असतं. आटपाडी-जतकडच्या उन्हात पत्र्याखालची वरची हवा रात्री दहालाही निवत नाही. पत्र्याचं घर असेल तर उंची आणखी कमी करा, तीन फुटांवर आणा, खाली पेट्या आणि खण करा.

अमेरिकेतल्या बंक बेडच्या नियमांप्रमाणे सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, कठडा गादीच्या वर निदान पाच इंच असावा, आणि कुठलीही फट साडेतीन इंचांहून मोठी नसावी. फटीची मर्यादा कशासाठी, ते नीट समजून घ्यावं. मोठ्या फटीतून मुलाचं अंग पाय आधी घसरत बाहेर जातं आणि डोकं अडकतं. ते पडण्याहून भयंकर. सहा वर्षांचा आणि फटीचा नियम मी जसाच्या तसा घेतला आहे. कठड्याचा मात्र पाच इंचांवरून आठ-दहा केला आहे, आणि त्याला कारण आपली वाकळ. साताऱ्याकडं थंडीत गादीवर एक वाकळ अंथरली जाते, पाहुणे आले की दुसरी, आणि पिंजाऱ्याकडून भरून आणलेली नवी गादी जुनीपेक्षा दोन इंच फुगीर असते. तेवढा कठडा कमी होतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून कठड्याच्या आतल्या बाजूला एक रेघ आखायला सांगितलं आहे : अंथरूण या रेघेच्या वर जाता कामा नये.

सांध्यांबद्दल थोडक्यात. मुख्य सांधे खिळ्यांचे नकोत, काळ्या बारीक स्क्रूंचेही नकोत. ते स्क्रू कडक असतात, आडव्या ताणानं मुंडी तुटते. तीन सुती नट-बोल्ट, दोन्हीकडं वॉशर, आणि बाजूची पट्टी पायाला नुसती टेकवून न ठेवता पायात खोबण घेऊन तिच्यात बसवलेली, म्हणजे वजन लाकडावर येतं, बोल्ट फक्त धरून ठेवतो. दोन बाजूंना तिरके टेके. मागची बाजू भिंतीला अँकरनं बांधलेली. पाटण-कराडकडच्या वाचकांना हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेली पिढी अजून आहे, आणि त्या परिसरात लहान धक्के आजही बसतात. दगडमातीच्या जुन्या भिंतीत अँकर धरत नाही. तिथं काय करायचं यावर वेगळं प्रकरण आहे.

हे सगळं सांगताना मला सारखी जाणीव होते की या भागात लाकडाचं ज्ञान आधीपासून भरपूर आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. लाकूड किती वाळलं आहे हे बोटानं ठोकून सांगणारे कारागीर तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, आणि पुढं या पट्ट्यात फाउंड्र्या वाढत गेल्या. लोखंड ओतायचं तर आधी लाकडाचा पॅटर्न लागतो, आणि पॅटर्न करणारा सुतार सुताच्याही भागांत मोजतो, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि ते अंतर त्याला आधीच धरावं लागतं. अशा माणसांच्या जिल्ह्यांत मुलाचा पलंग दुकानातून आणलेल्या भुशाच्या पाटीचा असावा, याचं मला वाईट वाटतं.

टाकाऊ वेष्टनातून घरातली वस्तू करणं यातही नवं काही नाही. डच रचनाकार गेरिट रीटव्हेल्ड यानं १९३४ च्या सुमारास माल बांधायच्या खोक्यांच्या साध्या फळ्यांची खुर्ची बाजारात आणली, आणि ती आज संग्रहालयांत आहे. आपल्याकडं चहाच्या खोक्याचं कपाट आणि हापूसच्या पेटीचा देव्हारा कितीतरी घरांत झाला, फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

या कामात मुलाला सुरुवातीपासून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबली, विहिरी खणल्या, स्वतःचं अन्न स्वतः शिजवलं. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना या मातीतली आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती करवत द्या असं मी म्हणत नाही. पण चुंबक फिरवणं, पॉलिशपेपरनं कडा गोल करणं, बोल्ट आणि वॉशर मोजून मांडणं, गुण्या लावून कोन बरोबर आहे का ते पाहणं, हे त्याचं काम आहे. घासताना नाकातोंडाला फडकं बांधावं, मुलानं आणि मोठ्यांनीही. कुठली फळी कुठल्या देशातून आली हे ज्याला माहीत आहे ते मूल त्या पलंगावर वेगळ्या आपुलकीनं झोपतं, असा माझा अनुभव आहे.

शेवटचा हात चपड्याच्या पॉलिशचा द्यावा. स्पिरिट उडून गेल्यावर लाखेचा जो थर उरतो तो मुलांना सुरक्षित असतो. अळशीचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा. उरलेल्या तुकड्यांबद्दलही एक सूचना आहे. ‘एचटी’चं स्वच्छ पाइन बंबात गेलं तर हरकत नाही. रंगवलेलं, तेलकट किंवा ‘एमबी’चं लाकूड मात्र ना बंबात, ना चुलीत.

भंगाराच्या दुकानांत मला थप्प्या उपसू देणारे दुकानदार, वखारीतले कारागीर आणि आपली निवृत्तीची दुपार खर्ची घालून आराखड्यातली मापं तपासून देणारे पॅटर्नशॉपचे सुतार, या सगळ्यांचे आभार मानतो. त्यांच्यापैकी कुणालाच आपलं नाव छापून यायला नको होतं.

काम कधी सुरू करावं असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो. एप्रिलमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणी सुरू होते, तेव्हा लाकूड आणा. फळ्या सुट्या करून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत थप्पी रचा. मे महिन्याची कोरडी हवा त्यांना पुरेशी आहे. मृगाच्या आधी सांधे जुळवा. आणि पावसाळा संपून दसऱ्याला लाकूड पुन्हा आकसलं की सगळे बोल्ट एकदा पान्यानं आवळून घ्या.